मुसाईचा अर्धा मुखवटा

देवळात शिरलात की आधी डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. मग समईच्या उजेडात देवीचे डोळे दिसायला लागतात. मोठे, उघडे, थोडे बाहेर आलेले. वर रुंद कपाळ. कपाळाच्या मधोमध अंगठ्याएवढा धातूचा खडबडीत उंचवटा आहे, कुंकू त्याच्यावरच लावतात. डोळ्यांखाली नाक सुरू होतं आणि नाकपुड्या यायच्या आतच मुखवटा संपतो. ओठ नाहीत, हनुवटी नाही. खालची कड वेडीवाकडी आहे, पातेल्यातून उतू गेलेलं दूध वाळावं तशी.

हा मुखवटा कुणी फोडलेला नाही. पडूनही मोडलेला नाही. ओतला तेव्हा तो एवढाच आला. डोंगर चढून आलेला प्रत्येक पाहुणा पहिलं हेच विचारतो. गुरव आरतीच्या गडबडीत असतात, मग ते माझ्याकडं बोट दाखवतात. मी इथला ओतारी. मुखवटा ज्याच्या हातून ओतला गेला तो लिंबाजी ओतारी आमच्याच घराण्यातला. किती पिढ्यांमागचा, ते आता कुणालाच सांगता येत नाही. आमच्या घरात ही हकिकत जशी सांगतात, तशी तुम्हाला सांगतो. बसा असे पायरीवर.

आधी थोडं आमच्या कामाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. खाली सडकेला पत्र्याची शेड दिसते ना, ती माझ्या पुतण्याची. तिथं पाण्याच्या पंपाचे भाग ओततात. लोखंडी चौकटीत ओलसर वाळू ठासायची, तिच्यात लाकडी नमुना दाबून काढून घ्यायचा, राहिलेल्या पोकळीत वितळलेला रस ओतायचा. एका नमुन्यावर हवे तेवढे भाग निघतात, सगळे सारखे. देवाचं काम मात्र मेणाचं. मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर मातीचे थर चढवायचे, मग विस्तव लावायचा. माती भाजते, मेण वितळून वाहून जातं आणि आत मूर्तीची पोकळी उरते. तिच्यात धातू ओतायचा. मेण गेलेलं असतं आणि धातू दिसत नाही. साचा फोडेपर्यंत आत काय झालं ते कुणालाच ठाऊक नसतं.

दोन्हीकडं सगळी करामत मातीची. चांगली मळलेली, गाळलेली माती असेल तर तिच्यात नुसतं बोट टेकवा, बोटावरच्या रेघा उमटतात.

तर त्या काळी, असं सांगतात, देवीला मुखवटा नव्हता. शेंदूर लावलेला तांदळा होता, म्हणजे नाक-डोळे नसलेला दगड, तेवढाच. एका साली गावावर मोठी रोगराई आली आणि ओसरली. गावानं ठरवलं, देवीला पंचधातूचा मुखवटा करायचा. दोन हातांच्या कवेत मावणार नाही एवढा. घराघरातून मोडकी भांडी, घंटा, समया गोळा झाल्या. आणि बायकांनी ठरवलं की प्रत्येकीनं आपल्या गळ्यातला एकेक सोन्याचा मणी द्यायचा. देवीच्या चेहऱ्यात प्रत्येकीचं काहीतरी असावं म्हणून.

हे मणी ठेवायला दिले पाटलांच्या घरी. पाटील होता सुभानजी. वय तरुण, बाप नुकताच वारलेला. पण घराचा कारभार त्याची आई आवडाबाई हिच्या हातात होता. सुभानजी शरीरानं दांडगा होता, म्हणे. उसाच्या चरकात सापडून त्याच्या डाव्या हाताची करंगळी निम्म्यावर तुटली होती. गावात कुणाला त्याच्याकडं वर मान करून बोलायची सवय नव्हती.

त्याची बायको गोजरा. डोंगराच्या पलीकडच्या दरेवाडीची. तिचा बाप येमाजी मेंढरं राखणारा नव्हे, पण तसाच रानात राबणारा माणूस, थोडी शेती, थोडी गुरं. आई लहानपणीच गेलेली, बापानंच वाढवलेली. लहान असताना ती जात्यावर पडली होती, त्यामुळं तिची उजवी भुवई मधोमध तुटलेली होती. पाटलांच्या घरी पडली म्हणून येमाजीच्या भावकीला मोठा आनंद झाला होता. येमाजीला मात्र एकच वाटायचं, डोंगर उतरायचा चढायचा आहे, पोर भेटायची तेवढी भेटणार नाही.

गोजरानं आपल्या गळ्यातला मणी दिला होता. तो तिच्या आईचा होता, म्हणून तिला तो नीट ओळखता येत होता. एकदा धान्याच्या कणगीत हात घालताना तिला फडक्यात बांधलेले मणी सापडले. आणि देवघरात देवीसाठी ठेवलेल्या वाटीत पाहिलं, तर तिथं पितळेचे मणी. गोजरा सासूला म्हणाली, "आत्याबाई, देवीच्या तोंडचं काढू नका. गावातल्या साऱ्या बायकांचं आहे ते."

आवडाबाईनं तो विषय मुलाकडं सोपवला. सुभानजीनं बायकोला तंबी दिली. गोजरा गप्प बसली, पण तिच्या मनातून ते जाईना. मुखवटा एकदा पितळेनं ओतला गेला की मग कुणाला सांगून काय उपयोग, असं तिला वाटलं असणार. ओतायच्या आधी लिंबाजीला सांगायचं, एवढंच तिनं ठरवलं.

लिंबाजीनं देवळामागच्या उतारावर खड्डा खणला होता. मुखवटा मोठा, त्यामुळं साचा जमिनीत उतरवून, तिथंच भाजून, तिथंच धातू ओतायचा होता. खड्ड्याचा तळ त्यानं वारुळाच्या मातीनं सारवून घेतला होता. कोंडा आणि शेण घालून मळलेली, लोण्यासारखी मऊ माती. हातभर जाडीचा थर. बाजाराचा दिवस होता. दुपारची वेळ, लिंबाजी आणि त्याची माणसं जेवायला खाली गावात गेलेली. गोजरा डोक्यावर पाण्याची घागर घेऊन, देवीला पाणी घालायला निघाले म्हणून वर आली. लिंबाजी भेटला नाही. ती खड्ड्याजवळ थांबली.

सुभानजी तिच्या मागोमाग आला होता.

तिथं त्यांच्यात काय बोलणं झालं ते पाहायला कुणी नव्हतं. लिंबाजी परतला तेव्हा गोजरा तिथं नव्हती. पाटील खड्ड्याच्या काठावर बसला होता. अंगरख्याला माती लागलेली. आणि खड्ड्याच्या तळावर भाताचा पेंढा दाट पसरलेला. लिंबाजीनं विचारलं, तर पाटील म्हणाला, "तळाला ओल होती. सुकावी म्हणून मीच पसरला."

लिंबाजीला जरा नवल वाटलं. पाटलानं कधी कामाला हात लावलेला नव्हता. पण देवीचं काम आहे, पाटलालाही वाटलं असेल सेवा करावी, असं त्याच्या मनात आलं. पेंढा काही वाईट नव्हता, भट्टी लागली की जळून जाणार होता. त्यानं तो तसाच ठेवला. त्यावरच साचा उतरवला, भोवती शेणी रचल्या. साचा नीट वाळेपर्यंत आता तीन आठवडे थांबायचं होतं.

संध्याकाळी पाटलाच्या घरून गावात बातमी फुटली की गोजरा माहेरी गेली. न सांगता गेली. नवऱ्याशी भांडण झालं, रागानं निघून गेली. बायकांनी ऐकलं, दोन दिवस बोलल्या, मग कामाला लागल्या. सून रागावून माहेरी जाते, यात नवीन काय?

येमाजीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मुसाईचा मुखवटा ओतणार आहेत, मोठा सोहळा आहे, एवढं दरेवाडीपर्यंत पोहोचलं होतं. तो निघाला. लेकीसाठी करडईची भाजी, हुलग्याचं पीठ आणि नवं लुगडं घेऊन डोंगर ओलांडून आला. पाटलांच्या दारात उभा राहून म्हणाला, "गोजरा कुठाय?"

आवडाबाई बाहेर आली. तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाली, "इवाई, असं काय विचारता? ती तुमच्याकडंच आली ना?"

येमाजीनं हातातलं गाठोडं खाली ठेवलं. "माझ्याकडं नाही आली."

"मग वाटेत कुणाबरोबर गेली ते तुम्हीच शोधा," आवडाबाई म्हणाली. "आम्ही तर लोकांना तोंड दाखवायला राहिलो नाही."

असं सांगतात की येमाजी तिथल्या तिथं खाली बसला. काही वेळानं त्यानं जावयाकडं पाहिलं. सुभानजी ओसरीवर उभा होता. तो म्हणाला, "आम्हीही शोधतोय." एवढंच बोलला आणि आत गेला.

येमाजीनं त्या वाटेनं जाणाऱ्या प्रत्येकाला विचारलं. गुराख्यांना, लाकूडतोड्यांना, नदीवर कपडे धुणाऱ्या बायकांना. कुणीच तिला जाताना पाहिलं नव्हतं. बाजाराच्या दिवशी तर वाटेला माणसांची रीघ, आणि पाटलाची सून कुणाला दिसू नये? हा प्रश्न ज्याला-त्याला पडला असणार. पण तो मोठ्यानं कुणी विचारला नाही.

मग येमाजी देवळात आला. तांदळ्यासमोर बसला आणि म्हणाला, "उद्या तुझं तोंड घडणार आहे. गावाला ते दिसेल. मी तुझं तोंड पाहणार नाही. आधी मला माझ्या पोरीचं तोंड दाखव. जिती असेल तर जिती, नसेल तर तशी." असा नवस बोलून त्यानं डोक्याचं मुंडासं सोडून डोळ्यांवर बांधलं आणि खांबाला टेकून बसून राहिला. लोकांनी समजावलं, त्यानं ऐकलं नाही. कुणी पाणी दिलं तर पीत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव जमलं. शेणी जळून राख झाल्या होत्या, मेण वाहून गेलं होतं, साचा लालभडक भाजला होता. मुखवटा साच्यात उलटा होता. कपाळ खाली, हनुवटी वर. हनुवटीच्या बाजूनं धातू ओतायचं तोंड ठेवलेलं, बाजूला हवा जायच्या नळ्या. धातू वर भरत आला की त्या नळ्यांच्या तोंडाशी चमकतो, मग ओतणं थांबवायचं.

लिंबाजीनं रसानं भरलेल्या मुशी भट्टीवरून उतरवल्या. आवडाबाईनं सगळ्यांसमोर वाटीतले मणी मुशीत टाकले. बायकांनी हात जोडले. लिंबाजीनं ओतायला सुरुवात केली.

पहिली मूस रिकामी झाली. दुसरी झाली. हिशोबानं नळ्यांच्या तोंडाशी धातू यायला हवा होता. आला नाही. लिंबाजीनं तिसरी मूस मागवली, ती जादाची म्हणून ठेवली होती. तीही आत गेली. धातू खाली जातच राहिला, विहिरीत पाणी ओतावं तसा. लिंबाजीच्या हाताखालची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. साच्याला खाली कुठंतरी तडा गेला होता, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. ओतणं मधे थांबवता येत नाही, थांबलं की सगळंच वाया जातं. होतं नव्हतं तेवढं लिंबाजीनं ओतलं आणि मग सांडशी खाली ठेवून दिली. देवीचा मुखवटा बिघडला, हे सगळ्यांना त्याच्या तोंडाकडं पाहूनच समजलं.

साचा निवायला वेळ लागतो. तोवर माणसं घरी गेली नाहीत, अशी सांगोवांगी आहे. ऊन कललं तेव्हा लिंबाजीनं खड्ड्याभोवतीची माती काढायला घेतली. वरून साचा फोडला. हनुवटीच्या जागी पोकळी, ओठांच्या जागी पोकळी. नाकाच्या वरपासून धातू लागला. डोळे आले होते. कपाळ आलं होतं. लोकांनी सुस्कारा सोडला, थोडं तरी आलं म्हणून.

पण मुखवटा उचलेना. चौघांनी जोर लावला तरी जागचा हलेना. कपाळाखाली तो कशालातरी जोडलेला होता. तडा गेला तिथून धातू खाली गेला होता आणि थिजताना त्याचा एक जाड दांडा झाला होता, वासराच्या नाळेसारखा. लिंबाजी खाली उतरला. दांड्याच्या कडेची माती हातानं मोकळी करायला लागला. खालचा तळ भट्टीनं विटेसारखा भाजून निघाला होता. त्यानं हातोडीनं तो हळूहळू फोडला. पेंढ्याची राख निघाली. राखेखाली धातू होता. गुळगुळीत, गोलसर. त्याला वाटलं, धातूचा गोळा असेल. त्यानं चारी बाजूंनी माती काढली, दांडा छिन्नीनं मधोमध तोडला, दोन्ही हात खाली घालून तो उलटा केला आणि वर धरला.

तो चेहरा होता.

माणसाचा चेहरा. बाईचा. डोळे गच्च मिटलेले. तोंड उघडं, उघड्या तोंडात धातू भरलेला. गालावर केसांच्या बटा चिकटलेल्या, एकेक केस मोजून घ्यावा अशा. नाक एका बाजूला दाबलेलं. लिंबाजीनं आयुष्यभर देवादिकांचे चेहरे घडवले होते, पण इतका बारकावा त्याच्या हातून कधी उतरला नव्हता. आणि हा चेहरा त्यानं घडवलेलाच नव्हता.

पुढं उभ्या असलेल्या बायकांनी पाहिलं. एकीनं तोंडावर हात घेतला. मागच्यांना काय झालं ते कळेना, त्या पुढं सरकल्या आणि पाहून तिथंच थांबल्या. नाव कुणाच्या तोंडून निघेना. सगळ्यांनी ओळखलं होतं.

लिंबाजी तो चेहरा घेऊन खड्ड्यातून वर आला. काय करावं हे त्याला सुचलं नाही, पाय आपोआप देवळाकडं वळले. येमाजी खांबाला टेकून तसाच बसला होता, डोळ्यांवर मुंडासं बांधलेलं. लिंबाजीनं तो चेहरा त्याच्या मांडीवर ठेवला. धातू अजून कोमट होता.

"काय आहे?" येमाजीनं विचारलं.

लिंबाजीनं त्याचा हात धरून त्या चेहऱ्यावर ठेवला.

येमाजीनं डोळे सोडले नाहीत. त्यानं हातानं चाचपलं. कपाळ, नाक, गाल. मग त्याचा अंगठा उजव्या भुवईवर आला. भुवई मधोमध तुटलेली. अंगठा तिथं थांबला. मग परत फिरला, परत तिथंच आला. बराच वेळ तो तेवढंच करत राहिला. शेवटी म्हणाला, "गार नाही अजून." आणि मग त्यानं मुंडासं सोडलं.

एवढ्यात लिंबाजीचा एक गडी खड्ड्यातून ओरडला की इथं अजून आहे. चेहऱ्याच्या शेजारी, तळाच्या मातीत, धातूचा दुसरा तुकडा होता. त्यानं तो वर आणून सगळ्यांसमोर जमिनीवर ठेवला. तो पंजा होता. पुरुषाचा, रुंद, सगळा भार टाकून मातीत रोवलेला डावा पंजा. चार बोटं पुरी होती. करंगळी निम्म्यावर तुटलेली होती.

माणसं पंजाकडं पाहत होती. मग कुणी न सांगता सगळ्यांच्या माना वळल्या. सुभानजी गर्दीच्या कडेला उभा होता. त्याचा डावा हात उपरण्याच्या आत होता.

आता सगळ्यांच्या ध्यानात आलं. त्यानं तिला तळाच्या ओल्या मातीत पालथं दाबून धरलं होतं, ती हलायची थांबेपर्यंत. दुसरा हात शेजारी टेकला होता. मातीनं दोघांचंही घेतलं. वरून पेंढा पसरला म्हणून ठसे झाकले गेले. आणि लिंबाजीनं भट्टी लावली तेव्हा ते ठसे पक्के भाजून निघाले. ज्या मातीत देवीचा चेहरा यायचा होता तिथंच हा चेहरा तयार होऊन पडला होता. धातू तेवढा यायचा होता.

साच्याला तडा का गेला? लिंबाजीनं पुढं सांगितलं म्हणे, की तळ ठशांमुळं पोकळ झाला होता, साचा कलला आणि चिरला. गावातले लोक म्हणतात, देवीनं आपलं तोंड अर्धं ठेवून उरलेला धातू खाली पाठवला. आमच्या घरात दोन्ही सांगतात.

येमाजी उठला. लेकीचा चेहरा छातीशी धरून जावयासमोर येऊन उभा राहिला. त्यानं हात उगारला नाही, शिवी दिली नाही. "कुठं ठेवलीस?" एवढंच विचारलं.

सुभानजी सांगेना. मग आवडाबाई मधे आली आणि म्हणाली की हे ओताऱ्यानं केलेलं कपट आहे, माझ्या पोरावर घातलेलं बालंट आहे. कुणी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. गावातल्या बायका तिला ओलांडून पुढं आल्या आणि सुभानजीभोवती उभ्या राहिल्या. ज्यांनी कधी पाटलासमोर पदर खाली येऊ दिला नव्हता, त्या. त्यातली एक म्हणाली, "पाटील, बापाला सांगा. पोरगी कुठाय ते सांगा."

तेव्हा सुभानजीनं हात वर करून नदीच्या डोहाकडं दाखवलं. दाखवताना त्यानं डावाच हात वर केला, असं सांगतात.

डोहात गळ टाकले. दुपारी झुडपात लपवून रात्री दगड बांधून सोडलेली ती सापडली. पाण्यात राहून तिचा चेहरा ओळखू येण्यासारखा राहिला नव्हता. येमाजीनं तिकडं एकदा पाहिलं आणि परत छातीशी धरलेल्या चेहऱ्याकडं पाहिलं. तिला अग्नी दिला तो या डोंगराच्या पायथ्याला.

सुभानजीला धरून गडावर नेलं. कुणी म्हणतं कडेलोट झाला, कुणी म्हणतं कैदेत मेला. पाटीलकी त्या घरातून गेली. कणगीतले मणी निघाले ते बायकांनी परत घेतले नाहीत, नदीत सोडले. आवडाबाई मात्र त्याच घरात बरीच वर्षं जगली. तिच्या हातचं पाणी गावात कुणी प्यायलं नाही.

मग प्रश्न आला त्या चेहऱ्याचा. गाव म्हणालं, हीच आमची देवी. हा चेहरा गाभाऱ्यात बसवू, पूजा करू, तुमच्या लेकीचं नाव राहील. मोठ्या मनानं म्हणाले सगळे. येमाजीनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ती देवी नव्हती. माझी पोर होती. तिला देवी केलीत तर तुम्ही मोकळे व्हाल. रोज हळदकुंकू वाहाल आणि विसराल. तीन आठवडे ती दिसली नाही, कुणी विचारलं का?"



त्यानं लिंबाजीला सांगून चेहऱ्याला राहिलेला दांड्याचा तुकडाही छिन्नीनं तोडून घेतला. दांड्याचा वरचा तुकडा देवीच्या कपाळाला तसाच राहिला. पंजा त्यानं नेला नाही. म्हणाला, तो तिच्याजवळ नको. चेहरा त्यानं घोंगडीत गुंडाळला, लेकीसाठी आणलेलं नवं लुगडं वरून लपेटलं आणि डोंगर चढून निघून गेला. दरेवाडीत तो चेहरा त्यानं घरात ठेवला होता, म्हणे. त्याच्या पश्चात त्याचं काय झालं ते तिथंही कुणाला सांगता येत नाही. आम्ही विचारून पाहिलं आहे.

पंजा लिंबाजीनं देवळाच्या उंबऱ्यात बसवला. येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय त्याच्यावर पडावा म्हणून. तुम्हीही त्यावर पाय देऊनच आत आलात. झिजून झिजून आता बोटं कळत नाहीत. मुखवटा परत ओतायचा का, असं गावानं लिंबाजीला विचारलं. तो नको म्हणाला. देवीनं जेवढं तोंड घेतलं तेवढंच तिचं. तेव्हापासून मुसाई अशीच आहे, डोळे उघडे आणि तोंड नाही. बोलायचं काम तिनं आपल्यावर टाकलंय, असं आमची आजी म्हणायची.

येमाजीच्या त्या बोलण्यानं मात्र गावाला झोप लागू दिली नाही. पुढच्या चैत्री पौर्णिमेला देवीची पालखी निघायची होती. भोयांनी खांदा द्यायला नकार दिला. म्हणाले, आधी गावातल्या सुना दाखवा. प्रत्येकीच्या माहेराला निरोप गेले. माणसं आली. आणि तो रिवाज पडला.

आजही चैत्री पौर्णिमेला तुम्ही आलात तर पाहाल. बाहेरगावाहून या गावात दिलेली प्रत्येक सून या पायऱ्यांवर येऊन बसते, पदर मागं सारून. तिचा बाप, भाऊ, कुणी नसेल तर माहेरच्या गावचं कुणीही माणूस पुढं येतं, दोन्ही हातांत तिचा चेहरा धरतं, उजेडाकडं वळवून नीट पाहतं आणि मोठ्यानं म्हणतं, "पाहिली." शेवटच्या सुनेचं 'पाहिली' झाल्याशिवाय पालखी उचलत नाहीत. पुण्या-मुंबईला राहणाऱ्या सुनासुद्धा त्या दिवशी येतात. शिकलेल्या पोरींना आधी हसू येतं, मग बापानं चेहरा हातात धरला की रडू येतं.

अलीकडचीच गोष्ट. पायऱ्यांवर एक सून कमी होती. तिचा भाऊ आलेला, पायरीखाली उभा. सासरचे म्हणाले, तिला ताप आहे, झोपली आहे, तुम्ही पालखी काढा. घर नाव असलेलं, सरपंचाच्या नात्यातलं. ऊन डोक्यावर आलं. भोई पालखीशेजारी मांडी घालून बसले. कुणी भांडलं नाही, कुणी आवाज चढवला नाही. कुणी उठलंही नाही. शेवटी गावातल्या बायका उठल्या आणि त्या घराकडं चालत गेल्या. बऱ्याच वेळानं त्या तिला मधे घेऊन आल्या. पदर तोंडावर ओढलेला होता. तिनं तो स्वतःच मागं सारला. डावा डोळा सुजून मिटला होता.

भावानं तिचा चेहरा हातात धरला. त्याच्या तोंडून शब्द फुटेना. सगळं गाव थांबलं होतं. मग ती मुलगीच हळूच म्हणाली, "दादा, म्हण."

"पाहिली," तो म्हणाला. "नेतो."

भोयांनी पालखी खांद्यावर घेतली. दरवर्षी ती गावातून मिरवते. त्या वर्षी ती त्या दोघांच्या मागं एसटीच्या थांब्यापर्यंत गेली, गाडी येईपर्यंत तिथं उभी राहिली आणि मग परत आली.